पहाटे पाचलाच उठायचं, हे कुणी ठरवलं?

डोंबिवलीच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय ३८, नोकरी फोर्टमधल्या एका कार्यालयात. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. घरात नवरा आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई. मुलाची शाळेची बस पावणेसातला येते, म्हणून त्या पावणेसहाला उठतात. मग डबे, मुलीची तयारी आणि आठच्या सुमाराची लोकल. रात्री भांडी, उद्याची भाजी चिरणं आणि मुलाचा अभ्यास उरकेपर्यंत अकरा वाजतात. नंतर तासभर मोबाइल आणि बाराला झोप. यंदाच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आला. त्यांच्या आईला मधुमेह आहे. डॉक्टर म्हणाले, व्यायाम सुरू करा. जिमचे वर्षाचे पैसे भरले, तीन आठवडे गेल्या, मग सुटलं. आता रोज रात्री पाचचा गजर लावतात आणि सकाळी तो बंद करून पुन्हा झोपतात. ऑफिसातली एक सहकारी साडेचारला उठून धावायला जाते. नवरा म्हणतो, "मनावर घेतलंस तर जमेल." त्या विचारतात, "मुलाला ताप आला तर मी रात्रभर जागते. मग स्वतःसाठी पाऊण तास लवकर का उठवत नाही? मी आळशी आहे का? लोक ही प्रेरणा आणतात कुठून?"

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही आळशी नाही. तुमची समजूत काढायची म्हणून हे म्हणत नाही. तुम्हीच लिहिलेल्या वेळा कागदावर मांडून बघा. बाराला झोपून पावणेसहाला उठायचं म्हणजे पावणेसहा तासांची झोप. पाचला उठलात तर ती पाच तासांवर येते. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. तुमची रोजची झोप आधीच सव्वा तासाने कमी आहे आणि त्यातूनच आणखी पाऊण तास काढायचा तुमचा बेत आहे. पाचचा गजर बंद करताना तुमचं शरीर आपल्या हक्काची झोप मागत असतं. त्यासाठी स्वतःला दोष देणं आजपासून थांबवा, ही माझी पहिली विनंती.

तुमच्या बाबतीत झोपेचा प्रश्न थेट साखरेशीही जोडलेला आहे. १९९९ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता लक्षात येण्याइतकी खालावली. तुमची झोप चार तासांइतकी कमी नाही आणि तो प्रयोगही लहान होता, पण दिशा कळायला पुरेसा आहे. व्यायाम ज्या साखरेसाठी करायचा, ती साखरच झोप मोडून बिघडवायची, हा व्यवहार मला मान्य नाही.

तापाच्या रात्रीचं म्हणाल, तर ती तुलना तुमच्यावर अन्याय करणारी आहे. मूल तापलेलं असताना तुम्ही जागता तेव्हा दुसरा पर्याय नसतो. घरातलं कुणी "आज राहू दे" म्हणत नाही. आणि हे एक-दोन रात्रींपुरतं असतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकता येते, डुलकी काढता येते. व्यायाम आठवड्यामागून आठवडे करायचा असतो. आणीबाणीत अंगात येतं ते बळ रोज पहाटे मागितलं तर कुणालाही मिळणार नाही.

आता रात्री अकरा ते बारा या तासाबद्दल. तुम्ही त्याबद्दल थोडं ओशाळून लिहिलंय. "मोबाइल बघण्यात वेळ घालवते, तो वाचवला तर सगळं जमेल, हे कळतंय," असं तुमचं वाक्य आहे. मला हा तास फार महत्त्वाचा वाटतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत तुमच्या दिवसाचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी नावावर आहे: मुलाची बस, मुलीची वेणी, साहेबांची फाइल, सासूबाईंची औषधं. अकरा वाजता पहिल्यांदा कुणी तुम्हाला हाक मारत नाही. तो तास हातातून सोडवत नाही, यात चुकीचं काय? माणसाला स्वतःचा वेळ लागतोच. दिवसा मिळाला नाही तर तो रात्री घेतला जातो आणि त्याची किंमत झोपेने मोजावी लागते. लहान मुलांचे किती तरी आईबाप असेच जागतात.

त्यामुळे 'मोबाइल लांब ठेवा' एवढं सांगून मी थांबणार नाही. तो तास काढून घेतला आणि त्या जागी पहाटेचा व्यायाम नावाचं आणखी एक कर्तव्य ठेवलं, तर तुमचं मन ते मोडूनच काढेल, आणि बरोबर करेल. व्यायामाची वेळ ही तुमच्या स्वतःच्या वेळेत जमा व्हायला हवी. मुलांच्या वेळापत्रकाला, डब्याला, 'बारीक झालीस की छान दिसशील' असं म्हणणाऱ्यांना त्या अर्ध्या तासात जागा नको. आवडती गाणी लावा, कानात एखादी कथा ऐका, किंवा नुसती शांतता घ्या. त्या अर्ध्या तासात थोडा तरी आनंद मिळाला तर रात्रीच्या तासाची भूक आपोआप कमी होईल आणि अकराच्या आत डोळे मिटायला लागतील. हे आठवड्याभरात होत नाही, पण होतं.

पहाटेचाच हट्ट कशासाठी, हेही विचारायला हवं. पहाटेचा एक फायदा मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही: त्या वेळी कुणाचा फोन येत नाही, मीटिंग लांबत नाही, लोकल उशिरा धावत नाही. संध्याकाळचे बेत मोडतात, सकाळचे सहसा मोडत नाहीत. पण शरीराला व्यायामाचा लाभ कुठल्याही वेळी मिळतो. २०१३ साली अमेरिकेत साठीपुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या दहा लोकांवर एक छोटा अभ्यास झाला. एकदाच सलग ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं, यांची तुलना त्यात केली होती. दिवसभराच्या साखरेवर जेवणांनंतरच्या चालण्याचा परिणाम सकाळच्या सलग चालण्याइतकाच झाला आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्यानेच जास्त उतरली. तुमचा एचबीए१सी ६.१ आहे, म्हणजे ५.७ ते ६.४ या मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या टप्प्यात. तुमच्यासाठी रात्री जेवल्यावर इमारतीखाली १५ मिनिटं फेऱ्या मारणं हा उरलासुरला व्यायाम समजू नका. तो पूर्ण व्यायाम आहे. मुलगा सोबत आला तर पाढेही होतील, पण शक्यतो एकट्याच जा.

पहाटे पाचबद्दल आपल्या भागापुरती एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. आपलं घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे. मुंबई-डोंबिवलीचा सूर्य त्याच्या जवळजवळ ४० मिनिटं मागे चालतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला होतो, जूनमध्ये सहाला. म्हणजे हिवाळ्यात पाचला उठणारी बाई सूर्याच्या दोन तास आधी उठते. अंधार, सुनसान रस्ता, भटकी कुत्री, शिवाय थंडीत जमिनीलगत साचून राहिलेली धुळकट हवा. शरीरही तेव्हा गार आणि आखडलेलं असतं. लवकर उठणं ज्यांच्या प्रकृतीत आहे त्यांनी खुशाल उठावं. तुमच्या सहकारी त्यातल्या असतील, किंवा त्यांच्या घरी सकाळचा डबा दुसरं कुणी करत असेल. विचारून बघा. आणि त्या रात्री किती वाजता झोपतात, तेही विचारा.

डब्याचा विषय निघालाच आहे, तर पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते सांगते. "मनावर घेतलंस तर जमेल." तुमच्या नवऱ्याने हे वाईट हेतूने म्हटलं नसेल. पण सकाळची सगळी व्यवस्था तुमच्याकडेच राहणार, हे त्यात गृहीत धरलं आहे, आणि पत्र लिहिताना तुम्हीही ते गृहीत धरलंत. नवरा किती वाजता उठतो, सकाळी काय करतो, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. सव्वातीन तासांहून थोडा जास्तच हा फरक आहे. तुम्हाला हवा असलेला अर्धा तास त्या फरकातून काढायचा आहे, झोपेतून नाही.

म्हणून हा विषय घरात बोला. येत्या रविवारी, मुलं खेळायला गेल्यावर, एचबीए१सीचा रिपोर्ट समोर ठेवून. "मला मदत कर" असं म्हणू नका, कारण मदत म्हटली की काम तुमचंच राहतं. "मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी सहा ते साडेसहा मी घरात असून नसेन. त्या तीन दिवशी मुलाचा डबा आणि बस तुझ्याकडे," असं दिवस-वेळ घालून सांगा. पहिल्या आठवड्यात डबा पोळी-भाजीचा नसेल. पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी असेल, पोहे असतील, बाटली घरीच विसरेल. तुम्ही उठून स्वयंपाकघरात जाऊ नका. हा भाग तुम्हाला पाचच्या गजरापेक्षा अवघड जाईल. सासूबाईंनाही आधी सांगून ठेवा, आणि बसून जमणारी कामं, मटार सोलणं, नातीची वेणी, त्यांना मनापासून करावीशी वाटतील तर करू द्या. सकाळी सहाला सुनेने चटई अंथरली आणि मुलगा ओट्याशी उभा आहे, हे बघायची सवय त्यांनाही लागावी लागेल.

'रात्रीच सगळी तयारी करून ठेवा, सकाळ मोकळी होते' हा सल्ला तुम्ही अनेकदा वाचला असेल. कणीक मळून फ्रिजमध्ये, दप्तर भरलेलं, युनिफॉर्मला इस्त्री. सल्ला चांगला आहे, पण ती तयारी तुम्हीच करणार असाल तर झोप साडेबारावर जाते. तयारी साडेदहाच्या आत संपेल एवढीच ठेवायची आणि ती दोघांनी करायची. जे राहील ते राहील.

आता प्रत्यक्ष व्यायामाकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. सलग दहा मिनिटं झाली तरच व्यायाम मोजायचा, ही जुनी अट त्यांनी काढून टाकली आहे. तुमच्यासारख्या घाईत जगणाऱ्या माणसांसाठी ही फार मोलाची सूट आहे.

तुमच्या दिवसात ही मिनिटं मला दिसतात ती अशी. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी चालत जा. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग ठेवा. सकाळी घाईत जमलं नाही तर सीएसएमटीला उतरल्यावर फोर्टपर्यंत भरभर चाला. ऑफिसात जिने चढा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या २५ हजारांहून अधिक व्यायाम न करणाऱ्या लोकांच्या हालचालींची मनगटावरच्या यंत्राने नोंद घेतली होती. त्यांपैकी ज्यांच्या दिवसात एक-दोन मिनिटांची दम लागेल अशी हालचाल तीनेकदा होत होती, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी दिसले. हे निरीक्षण आहे, कारण-परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट न घेण्यासाठी मला ते पुरेसं वाटतं.

मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या अर्ध्या तासात ताकदीचे व्यायाम करा. स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवरही फारसे अवलंबून राहत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, यांपासून सुरुवात करा. सूर्यनमस्कार आवडत असतील तर उत्तमच. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, गेल्या शतकात तिथल्या शाळांमधून त्यांचा ध्यास घेऊन प्रसार केला तो उगाच नाही. सतरंजीएवढी जागा लागते, पावसाळ्यात अडत नाही, अंधारात बाहेर जावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात सहा घाला, सावकाश. १०८ चा संकल्प करू नका. मनगट किंवा कंबर दुखली तर थांबा आणि कुणा जाणकाराकडून पद्धत तपासून घ्या.

सुरुवातीला अशी सकाळ पाच मिनिटांचीच झाली तरी ती मोजा. मोडली तरी घाबरू नका. सवय २१ दिवसांत लागते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात लोकांना एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. मुलगी आजारी पडेल, ऑडिट येईल, गणपतीत पाहुणे येतील. ते दिवस सोडून द्या. पुढचा मंगळवार तुमचाच आहे.

व्यायाम वाढवण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर जिना चढतानाही छाती भरून येते आणि बाई समजते आपली इच्छाशक्ती कमी आहे. लोह कमी असेल तर एचबीए१सीचा आकडाही प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा. दुसरी गोष्ट बायका बोलत नाहीत: खोकताना, उडी मारताना लघवीचे थेंब गळतात का? बाळंतपणानंतर अनेकींना हा त्रास असतो आणि कित्येकींची जिम त्याच कारणाने सुटते. यात लाजण्यासारखं काही नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात आणि बहुतेकींना त्याचा चांगला उपयोग होतो. छातीत दुखणं, चक्कर, धाप असं काही असेल तर आधी डॉक्टर, नंतर व्यायाम.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि रात्री तीनदा उठावं लागत असेल, तर सध्या पहाटेचा विचार सोडा. बाळाला घेऊन संध्याकाळी चाला आणि मिळेल तेव्हा झोपा. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना डबा वाटून घ्यायला घरात कुणी नसतं. त्यांनी इमारतीतल्या दुसऱ्या पालकाशी बस-थांब्याची पाळी लावून बघावी, आठवड्यातल्या दोन मोकळ्या सकाळीही खूप असतात. आणि बाबा मंडळींनो, हे पत्र बाईचं आहे म्हणून पान उलटू नका. तुम्ही सकाळी धावून परत येता तेव्हा डबा भरून तयार असतो का, आणि तो कुणी केला, हे एकदा बघा. बायकोलाही तसाच अर्धा तास मिळतो का, तेही विचारा.

मैत्रिणी, चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा सुमारे अडीच वर्षं पाठपुरावा केला होता, २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. रोज अर्धा तास भरभर चालणं आणि खाण्यातले साधे बदल, एवढ्याने मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांहून जास्त घटला. ती आपल्यासारखीच कामाधामाची माणसं होती. तुमचा ६.१ हा आकडा मागे येऊ शकतो, असं मला मनापासून वाटतं.

आज रात्री पाचचा गजर काढून टाका. त्याऐवजी रात्री साडेदहाचा लावा, दिवे मालवायला. पहिले दोन आठवडे फक्त झोप आणि जेवणानंतरचं चालणं, एवढंच करा. रविवारचं बोलणं झालं की तिसऱ्या आठवड्यापासून मंगळवारची सकाळ सुरू करा. एचबीए१सीमध्ये मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर दिसते, तेव्हा तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून घ्या आणि रिपोर्ट आला की लिहा. नवऱ्याचे पोहे कसे झाले, तेही लिहा.